आजारपणाची पाळी आणि गावाचा गाडा

केळझरच्या माणसाला बकासुराची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. हे गाव म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे, आणि टेकडीवरच्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला आलेला माणूस ती कथा ऐकूनच परत जातो. ती समजूत इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते, हा वाद विद्वानांनी घालावा. आमचे आयुष्य कामगारांच्या सभा, मोर्चे आणि हजेरीपटांत गेले. जे काही वाचले ते रात्री, कंदिलाशी आणि पुढे विजेच्या दिव्याशी बसून वाचले. त्यामुळे त्या कथेतील भीमाच्या गदेपेक्षा त्या गावाने बकासुराशी केलेला करारच आम्हांला अधिक विचार करायला लावतो.

करार असा होता की, रोज एका घराने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि गाडा हाकणारा माणूस राक्षसाकडे पाठवायचा. ज्या घराची पाळी, त्या घरी रडारड. बाकीची घरे त्या दिवसापुरती निश्चिंत. गाव मोठे, माणसे पुष्कळ, पण संकट मात्र प्रत्येकाने एकट्याने भोगायचे.

आजारपणाचा बकासुर आजही असाच घरोघर फिरतो. फरक इतकाच की, त्या नगरीत पाळीचा दिवस ठाऊक असे. आपल्याला तो ठाऊक नसतो. ज्या घरावर पाळी येते ते घर आधी कानातले मोडते, मग बैलजोडी विकते, मग सावकाराच्या दारात उभे राहते. शेजारी हळहळतात, भेटायला येताना चार केळी आणतात आणि मनातल्या मनात म्हणतात, आपण सुटलो. आरोग्याचा विमा म्हणजे या कराराला दिलेले उत्तर होय. सर्व घरांनी दररोज मूठमूठ बाजूला टाकायची आणि ज्याची पाळी येईल त्याचा गाडा त्या मुठींतून भरायचा. यापलीकडे विम्यात गूढ असे काही नाही.

मग लोक विम्याला का बिचकतात? गेली तीस वर्षे आम्ही बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत, तसेच सेलू-सिंदी भागातल्या जिनिंगमध्ये कामगारांत वावरत आलो. तेथे तीन आक्षेप नेहमी कानी पडतात. पहिला : भल्या माणसाने आजाराचे नाव आधी काढू नये, ते अभद्र. दुसरा : वर्षभर पैसे भरले, आजारी पडलोच नाही, म्हणजे पैसे बुडाले. तिसरा : कार्ड घेऊन गेलो तर या खिडकीतून त्या खिडकीत धावावे लागते, त्यापेक्षा उसने काढून रोख दिलेले बरे.

पहिल्या आक्षेपाशी आमचे भांडण नाही. घरात दिवा लावून चांगले चिंतावे, हे आमच्या आईनेही आम्हांला शिकवले. पण तीच आई मिरगापूर्वी घराची कौले चाळून घेत असे. त्यात पावसाला शिव्याशाप नव्हते. पाऊस येणार हे तिला ठाऊक होते, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आपल्या लोकांना विमा प्रथम ठाऊक झाला तो आयुर्विमा. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे गावोगावच्या शिक्षकाने, कारकुनाने पॉलिसी घेतली. त्या विम्याची मुदत भरली की रक्कम बोनससह परत येते. मुलीच्या लग्नाला, घराच्या छपराला उपयोगी पडते. त्यामुळे विमा म्हणजे एक प्रकारची बचत, अशी आपली समजूत झाली. आजारपणाचा खाजगी विमा आपल्याकडे मेडिक्लेमच्या नावाने १९८६ साली आला, तेव्हा लोकांनी त्यालाही तोच गज लावला. भरलेले परत मिळेना, म्हणून ते बुडाले असे वाटू लागले.

वस्तुतः परत न मिळणारी वर्गणी आपल्याला अपरिचित नाही. आपल्याकडे इर्जिक असते. एखाद्याचे बैल पडले किंवा घरचा कर्ता अंथरुणाला खिळला, तर गाव आपापली औते घेऊन त्याच्या वावरात उतरते आणि एका दिवसात वखरणी उरकते. आम्ही दहा वेळा दुसऱ्याच्या इर्जिकीला गेलो आणि आमच्यावर इर्जिक बोलावण्याची वेळ एकदाही आली नाही, तर आमचे दहा दिवस बुडाले असे कोणी म्हणते काय? उलट, आमचे बैल शाबूत राहिले याबद्दल आपण देवाचे आभार मानतो. आरोग्याच्या विम्याची वर्गणी ही अशीच समजावी. ती परत आली नाही, यातच आपले भाग्य.

हा विचार जगातही फार जुना नाही. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. त्यात वर्गणीचे दोन वाटे कामगाराचे व एक वाटा मालकाचा होता. इंग्लंडात १९११ च्या कायद्याने पुरुष कामगाराने आठवड्याला चार पेन्स, मालकाने तीन आणि सरकारने दोन द्यावेत, असे ठरले. आपल्या देशात प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली कारखान्यांतील कामगारांसाठी अशा विम्याची योजना सरकारला सादर केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ साली ती नागपूर व मुंबई येथे पोचली. नागपूरच्या गिरणी कामगाराच्या हाती विम्याचे कार्ड पडले ते तेव्हा.

या योजनेचे वैशिष्ट्य नीट ध्यानात घ्यावे, कारण कामगारालाही ते बहुधा ठाऊक नसते. जुलै २०१९ पासून कामगाराने पगाराचा पाऊण टक्का आणि मालकाने सव्वातीन टक्के भरावेत, असा दर आहे. बारा हजार पगार असेल तर कामगाराचे नव्वद रुपये आणि मालकाचे तीनशे नव्वद. या वर्गणीतून कामगाराला व त्याच्या घरच्यांना दवापाणी तर मिळतेच. शिवाय वर्गणीच्या अटी पुऱ्या झाल्या असतील तर आजारपणामुळे बुडालेल्या रोजीपैकी शंभरास सत्तर रुपये वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतात. क्षयासारख्या ठरावीक लांबच्या आजारात, निदान दोन वर्षांची अखंड नोकरी असेल तर, शंभरास ऐंशी या हिशेबाने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. औषधाचे पैसे देणाऱ्या योजना पुष्कळ आहेत. बुडालेल्या रोजीचे पैसे देणारी गरिबाच्या वाट्याला हीच.

येथे आम्हांला आमची एक चूक सांगितली पाहिजे. लपवून ठेवली तर हे चार शब्द लिहिण्याचा आम्हांला अधिकार उरणार नाही.

सुमारे पंचवीस वर्षांमागची गोष्ट. एका कारखान्यात कामगार आमच्याकडे आले. त्या वेळी कामगाराचा वाटा पावणेदोन टक्के असे. एक जण म्हणाला, “भाऊ, हे पैसे काऊन कापतेत जी? मी त दोन वर्षांत एक गोळी खाल्ली नाही.” कंत्राटदाराने त्यांना सांगून ठेवले होते की, तुमची नावे कायम पटावर घेत नाही, कपात होणार नाही, पुरा पगार हातात देतो. कामगार खूश होते. आम्ही तेव्हा तिशीच्या आतबाहेर. टाळ्यांची चव नवी होती. कपातीविरुद्ध आम्ही जोरदार भाषण ठोकले आणि कंत्राटदाराच्या त्या तोंडी सौद्याकडे काणाडोळा केला. कामगाराचा एक रुपया वाचवताना मालकाचे जवळजवळ तीन रुपये आपण त्याला सोडून देत आहोत, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आम्ही मांडला नाही.

पुढे त्याच कामगारांपैकी एकाला खोकला लागला. सुपारी तोंडात धरून त्याने दोन महिने काढले. थुंकीत रक्त दिसले तेव्हा क्षय असल्याचे निदान झाले. सरकारी दवाखान्यात औषध फुकट होते, डॉक्टर चांगले होते, गोळ्या वेळेवर मिळत होत्या. पण घरात चार तोंडे होती आणि रोजी बंद. दोन महिन्यांच्या औषधाने ताप उतरला, अंगात थोडा जीव आला आणि तो कामावर परतला. औषध सुटले. डॉक्टरांनी सांगितलेले सहा महिने त्याने पुरे केले नाहीत, म्हणून आम्हीच त्याच्यावर रागावलो. तो इतकेच म्हणाला, “भाऊ, गोळी फुकट भेटते, पण जवारी फुकट भेटत नाही ना.” रोग उलटला. दुसऱ्या खेपेचे औषध अधिक लांबचे होते आणि त्याचे शरीर तितके टिकले नाही.

तो तीन वर्षे त्या कामावर होता. त्याचे नाव पटावर असते, वर्गणी भरली गेली असती, तर रोजीचा मोठा हिस्सा घरी येत राहिला असता आणि तो अंथरुणावर पडून गोळ्या घेऊ शकला असता. कंत्राटदाराने कायदा चुकवला हे खरेच. पण त्याला टाळ्या मिळवून देणाऱ्यांत आम्हीही होतो. त्यानंतर कपातीविरुद्ध आम्ही कधी बोललो नाही. कपात होऊनही भरणा होत नसेल तर मात्र बोलतो, आणि पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलतो.

या कायद्यालाही भगदाडे आहेत. हंगामी कारखाना त्यातून वगळलेला आहे, आणि कापसाचे जिनिंग-प्रेसिंग हंगामी गणले जाते. आपल्या वर्धा जिल्ह्यात कापूस पिकतो. तो ढीगाढीगाने वाहणारा हमाल, सरकीच्या धुळीत उभी असलेली बाई, यांना हंगाम संपला की काम नाही आणि हंगामातही हे कार्ड नाही. फुफ्फुसात जाणारी धूळ मात्र हंगामी म्हणून कमी जात नाही. शेतमजुराची गोष्ट तर बोलायलाच नको. त्याचा मालक रोज बदलतो. तीन वाटे कोणाकडून मागावेत?

अशा माणसांसाठी काय करता येते, याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी स्वातंत्र्यापूर्वी लावलेले कस्तुरबा रुग्णालयाचे रोप पुढे वाढले आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, तेथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्या महाविद्यालयातील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून आसपासच्या खेड्यांत एक प्रयोग केला. विम्याची वर्गणी पैशांत न घेता ज्वारीत घ्यायची. सुगीला घरात धान्य असते, नगद नसते. म्हणून वर्गणी खळ्यावर. ज्याची जमीन अधिक त्याने अधिक पायल्या घालायच्या, भूमिहीनाने थोड्या. निर्णय ग्रामसभेत व्हायचा, आणि गावातील शंभरातली निदान पंचाहत्तर घरे आली तरच गाव योजनेत घ्यायचे. अकस्मात आलेल्या गंभीर आजाराला रुग्णालयात मोफत उपचार. बाळंतपण, मोतीबिंदू यांसारख्या आधी ठाऊक असणाऱ्या गोष्टींसाठी खर्चाचा काही वाटा घरच्याने द्यायचा.

या नियमांमागचे शहाणपण पाहण्यासारखे आहे. पंचाहत्तर घरांची अट का? नाहीतर ज्याच्या घरी आजारी माणूस आहे तोच वर्गणी भरील, निरोगी घरे बाहेर राहतील आणि फंड एका वर्षात आटेल. जमिनीप्रमाणे वाटा का? कारण बकासुर श्रीमंत-गरीब पाहत नाही, पण गाडा भरण्याची ताकद सारखी नसते. ग्रामसभा का? कारण आपल्या हाताने मापलेल्या ज्वारीचा हिशेब माणूस विचारतो. पगारातून न दिसता गेलेल्या पैशाचा विचारत नाही. भीक म्हणून मिळालेल्या औषधाबद्दल तक्रार करायची माणसाला लाज वाटते. वर्गणीदार मात्र मान वर करून विचारतो : खाट का नाही?

आता सुशिक्षितांकडून एक शंका हटकून येते. उपचार फुकट केले की लोक उठसूट दवाखान्यात जातील, क्षुल्लक डोकेदुखीसाठी गर्दी करतील. या शंकेची परीक्षा अमेरिकेत झालेली आहे. १९७४ ते १९८२ या काळात रँड नावाच्या संस्थेने दोन हजारांहून अधिक कुटुंबांवर प्रयोग केला. काहींना उपचार मोफत, काहींना खर्चाचा कमीअधिक वाटा भरायला लावला. ज्यांना वाटा भरावा लागला ते दवाखान्यात कमी गेले, हे खरे; आणि बहुतेकांच्या प्रकृतीत त्यामुळे फारसा फरक दिसला नाही, हेही खरे. पण लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही जवळजवळ सारखेच टाळले, असेही आढळले. जे गरीब होते आणि ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता, त्यांना मोफत उपचारांचा लाभ स्पष्ट झाला. पैशाची चाळणी लावली की खडे आणि दाणे दोन्ही अडतात, असा याचा अर्थ.

आमचा अनुभव विचाराल तर, आपल्याकडचा रोग फार वेळा जाण्याचा नसून फार उशिरा जाण्याचा आहे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार नि:शुल्क केले आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. तरी पऱ्हाटी वेचणारी बाई तापात वेचणी करते, कारण दवाखान्याची सकाळची वेळ आणि रोजीची वेळ एकच. डॉक्टरकडे जाण्याची तिची किंमत केसपेपराइतकी नसते; एक पुरा दिवस असते. हे न समजता आपण तिला अडाणी म्हणतो.

राज्याची मोठी योजना आज महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालते. २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्व राज्यात आली, आणि २०१८ साली निघालेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी पुढे जोडली गेली. जुलै २०२३ च्या निर्णयाने राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना ती लागू करण्याचे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचे ठरले. हे लहान काम नव्हे. या योजनेने पुष्कळांची हृदये आणि हाडे दुरुस्त झाली आहेत. पण तिचा रोख ठरावीक यादीतल्या, मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांवर आहे. पहिल्या दिवसाचा ताप, महिन्याची रक्तदाबाची गोळी, बुडालेली रोजी, यांचा हिशेब तिच्यात नाही. घर पेटल्यावर बंब येतो, पण चुलीजवळची ठिणगी विझवायला कोणी नाही, अशी ही स्थिती आहे.

तिसऱ्या आक्षेपाला, म्हणजे खिडक्यांच्या धावाधावीला, आमच्याकडे गोड उत्तर नाही. ती खरी आहे. आम्ही स्वतः रात्री दीड वाजता एका दवाखान्याच्या पायरीवर रुग्णाच्या मुलाबरोबर कागद जुळवत बसलेलो आहोत. पण हक्क वापरणारी माणसे कमी झाली की खिडक्या रुंद होत नाहीत, बंद होतात. म्हणून काही गोष्टी निरोगी असतानाच कराव्यात. शिधापत्रिकेवरील आणि आधारवरील नावे जुळवून ठेवावीत. आपल्या जिल्ह्यात योजनेत कोणती रुग्णालये आहेत ते आधी विचारून ठेवावे. दाखल होताना प्रथम आरोग्यमित्राची जागा गाठावी आणि पैसे मागितले तर कशाचे, हे लेखी मागावे. कारखान्यात जाणाऱ्याने आपला विमा क्रमांक पाठ करावा व भरणा होतो की नाही ते दर सहा महिन्यांनी पाहावे. आणि ज्याला हे कागद वाचता येतात त्याने शेजाऱ्याचेही वाचून द्यावेत. तेवढी इर्जिक आजही करता येते.

सरकारकडे आमचे मागणे थोडक्यात असे. जिनिंगच्या मजुराला व शेतमजुराला आजारपणाच्या दिवसांची रोजी मिळेल असा फंड उभा राहावा. त्यात त्याचा वाटा असावा, कारण वाटा असला की आवाज असतो. पण तो वाटा ज्वारीच्या पायलीसारखा त्याच्या ऐपतीने आणि त्याच्या सुगीला घ्यावा. सकाळच्या बरोबरीने संध्याकाळीही दवाखाना उघडा राहावा. या मागण्या मोठ्या नाहीत. सेवाग्रामच्या परिसरातील खेड्यांनी खळ्यावर उभे राहून त्यांतली अर्धीअधिक अक्कल आधीच दाखवून दिली आहे.

एकचक्रानगरीला भीम मिळाला, म्हणून ती सुटली. कुंतीने आपला मुलगा शेजारच्या घराच्या पाळीला पाठवला, हे त्या कथेतील खरे औदार्य. आपल्याला दरवेळी भीम मिळणार नाही, आणि आजारपणाचा राक्षस एका गदेने मरणाराही नाही. गाडा भरणे मात्र आपल्या हाती आहे. त्या क्षयाने खचलेल्या कामगाराच्या घरावरून आम्ही आजही जातो. त्याची बायको ओट्यावर बसलेली असते आणि “या भाऊ, चहा घ्या” म्हणते. त्या चहाचा घोट आमच्या घशाखाली सहज उतरत नाही. दरमहा एक रुपया कमी कापला जावा म्हणून आम्ही भाषण केले होते, हे तिला ठाऊक नाही; आम्हांला ठाऊक आहे.